नेमणुकीचे दलाल आणि शाळांचे धनी

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सर्वांत मोठ्या शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे डि मॉइन शहरातील सरकारी शाळांच्या, अधीक्षकाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी फेडरल सरकारच्या स्थलांतर खात्याने अटक केली. इयान रॉबर्ट्स हे मूळचे गयानाचे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ते त्या देशातर्फे धावले होते. देशाबाहेर काढण्याचा हुकूम त्यांच्यावर २०२४ च्या मे महिन्यातच झालेला होता. अमेरिकेत नोकरी करण्याचा त्यांचा परवाना तर २०२३ साली नेमणूक होण्यापूर्वीच संपलेला होता, असे सरकारचे म्हणणे. सुमारे तीस हजार मुलांच्या शिक्षणाचा कारभार ज्याच्या हाती सोपविला, त्याच्याविषयीची ही गोष्ट सोपविणाऱ्यांना दोन वर्षे कळली नाही. पीएच.डी.च्या तोडीच्या ज्या एका पदवीचा उल्लेख त्यांच्या अर्जात होता, ती त्या विद्यापीठाने त्यांना दिलेलीच नव्हती. हे मात्र नेमणुकीपूर्वीच्या तपासणीत उघड झाले होते, आणि तरीही नेमणूक झाली.

या घटनेचे भांडवल कोणी केले हे सांगावयास नको. परदेशातून आलेल्यांविरुद्ध जे वातावरण तेथील सत्ताधाऱ्यांनी तापवून ठेवले आहे, त्यात हे आणखी एक लाकूड पडले. ज्या मुलांच्या नावाने हा कोलाहल चालला होता, ती मुले मात्र वर्ग सोडून रस्त्यावर आली ती या अधीक्षकाच्या बाजूने. माणूस कोठे जन्मला हा प्रश्न बाजूला ठेवून, त्याला निवडणाऱ्यांनी आपले काम कसे केले हा प्रश्न विचारला, तर उत्तर अधिक बोधप्रद आहे. डि मॉइनच्या शाळा मंडळाने माणूस शोधण्याचे कंत्राट टेक्सासमधील एका खाजगी कंपनीला दिले होते. अटकेनंतर आठवडा उलटतो न उलटतो तोच मंडळाने त्या कंपनीवर दावा लावला. पारख करण्याचे काम दुकानदाराकडे होते आणि त्याने माल वाईट दिला, असा त्या दाव्याचा मथितार्थ. लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाने आपल्या सर्वांत मोठ्या कर्तव्याविषयी ग्राहकाची भाषा वापरावी, यातच रोगाचे निदान आहे.

अमेरिकेत शाळांचा कारभार तेरा हजारांहून अधिक शालेय जिल्ह्यांत वाटलेला आहे. बहुतेक जिल्ह्यांत स्थानिक मतदार शाळा मंडळ निवडतात आणि मंडळ अधीक्षकाची नेमणूक करते. मराठी वाचकांना ही रचना अगदीच परकी वाटू नये. मुंबई इलाख्यात १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्हा स्कूल बोर्डे होती आणि जुन्या पिढीतील शिक्षक त्यांच्याविषयी बरेवाईट पुष्कळ सांगत. अमेरिकन मंडळ मात्र आपल्याकडील बोर्डापेक्षा बलवान. अंदाजपत्रक त्याचे, शाळा उघडणे-मिटविणे त्याच्या हाती, आणि अधीक्षक हा त्याचा नोकर. मंडळाचे सभासद बहुधा आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करतात, तेव्हा रोजचा कारभार अधीक्षकच चालवितो. म्हणूनच तो कोण असावा हे ठरविणे हेच मंडळाचे खरे काम उरते.

हेच काम गेल्या काही दशकांत बाजारात गेले. अधीक्षकांचा शोध घेऊन देणाऱ्या कंपन्या निघाल्या. कंपनी जाहिरात देते, अर्ज मागविते, आपल्या यादीतील चार-पाच नावे मंडळासमोर ठेवते. कित्येक ठिकाणी मुलाखती बंद दाराआड होतात आणि जनतेसमोर येते ते एकच नाव, तेही मतदानाच्या तोंडावर. उमेदवारांच्या चालू नोकऱ्यांना धोका पोहोचू नये म्हणून ही गुप्तता पाळावी लागते, असे सांगतात. या युक्तिवादात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु ज्या उमेदवाराचे नाव आधी जाहीर होते, त्याच्याविषयी त्याच्या जुन्या गावचे शिक्षक, पालक, स्थानिक वार्ताहर बोलू लागतात. कोणत्याही कंपनीच्या अहवालात न येणारी माहिती अशीच बाहेर येते. गुप्ततेने उमेदवाराचे रक्षण होते ते नेमके या चौकशीपासून.

या व्यवहाराची परिसीमा पाहावयाची असेल तर शिकागोकडे वळले पाहिजे. डि मॉइनला निदान मंडळ निवडून आलेले होते. शिकागोत १९९५ च्या कायद्याने शाळा मंडळ नेमण्याचा अधिकार महापौराकडे गेला आणि अधीक्षक हे पदनाम जाऊन ‘चीफ एक्झिक्युटिव्ह ऑफिसर’ हे कारखानदारी नाव आले. पहिला अधिकारी नेमला गेला तो महापौराचा अंदाजपत्रक सांभाळणारा माणूस. शाळा ही कंपनी, मुले हा तिचा माल आणि परीक्षेतील गुण हा नफा, अशी ही दृष्टी होती. दोन्ही प्रमुख पक्षांनी ती आनंदाने उचलली, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात शिकागोच्या सुमारे सव्वीस हजार शिक्षकांनी कॅरेन लुइस यांच्या नेतृत्वाखाली संप केला. शाळेचे सात दिवस चाललेला हा संप त्या शहरातील पाव शतकातला पहिला. पालकांचा मोठा वर्ग शिक्षकांच्या बाजूला होता. संप मिटल्यावर महिन्याभरातच तत्कालीन अधिकारी गेले आणि महापौर रॅम इमॅन्युएल यांनी बार्बरा बर्ड-बेनेट यांना त्या जागी आणले. त्या धंदेवाईक व्यवस्थापक नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका म्हणून सुरुवात केलेल्या, क्लीव्हलंडच्या शाळांचा कारभार पाहिलेल्या, डेट्रॉइटमध्ये काम केलेल्या अनुभवी बाई. पदव्या खऱ्या, अनुभव खरा. कागदपत्रांची कितीही कसून छाननी झाली असती, तरी त्या उत्तीर्णच झाल्या असत्या.

आक्षेपार्ह गोष्ट कागदपत्रांत नव्हतीच. शिकागोत येण्यापूर्वी त्या ‘सूप्स अकॅडमी’ नावाच्या खाजगी संस्थेसाठी सल्लागार म्हणून काम करीत होत्या. मुख्याध्यापकांना प्रशिक्षण विकणे हा त्या संस्थेचा धंदा. याच संस्थेच्या मालकांची ‘प्रोॲक्ट सर्च’ ही दुसरी कंपनी होती आणि तिचा धंदा शालेय जिल्ह्यांना अधीक्षक शोधून देण्याचा. म्हणजे एका हाताने अधिकारी पुरवावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच अधिकाऱ्यांच्या सहीने आपला माल खपवावयाचा. यात गुप्त असे फारसे नव्हते. कोणी विचारले नाही इतकेच.

पुढील घटनाक्रम तारखांसह ध्यानात घ्यावा. २२ मे २०१३ रोजी, एक अब्ज डॉलरच्या तुटीचे कारण सांगत, मंडळाने सुमारे पन्नास शाळा एकाच बैठकीत बंद करण्याचा ठराव केला. त्या शाळांतील मुले बहुसंख्येने कृष्णवर्णीय होती, गरीब वस्त्यांतली होती. पालक महिनोन्महिने सभांत रडले, ओरडले, मोर्चे काढले. काही शाळा वाचल्या, बाकीच्या गेल्या. याच्या पुढच्याच महिन्यात त्याच मंडळाने सूप्स अकॅडमीला मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचे २ कोटी ५ लाख डॉलरचे कंत्राट दिले. निविदा मागविल्या नाहीत. एकाही सभासदाने विरोधी मत दिले नाही. जुलैत दोन हजारांहून अधिक शिक्षक व कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला.

शाळेला पैसा नाही आणि शाळेच्या दलालाला मात्र आहे, हे गणित मंडळावर बसलेल्या बड्या मंडळींना दिसले नाही. ते दिसले ‘कॅटॅलिस्ट शिकागो’ या शिक्षणविषयक छोट्या नियतकालिकाच्या वार्ताहर सेरा कार्प यांना. त्यांनी जुलै २०१३ मध्येच या कंत्राटावर प्रश्न उपस्थित केले. फेडरल सरकारचे समन्स निघावयास एप्रिल २०१५ उजाडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्ड-बेनेट यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. कंत्राटांच्या रकमेपैकी दहा टक्के त्यांना द्यावयाचे ठरले होते. नोकरी सोडल्यावर कंपनीत परत घेण्याचेही आश्वासन होते. शिक्षणाचा खर्च भागवावयाचा आहे आणि जुगाराच्या अड्ड्यांवरही जावयाचे आहे, अशा अर्थाची थट्टा त्यांनी आपल्या ईमेलमध्ये केली होती; ती खटल्यात उघड झाली. २०१७ साली त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली आणि कंपनीच्या प्रमुख मालकाला सात वर्षांची. बंद पडलेल्या शाळा मात्र बंदच राहिल्या.

यापुढचा भाग कमी सांगितला जातो. बर्ड-बेनेट गेल्यावर महापौरांनी नेमणुकीची पद्धत बदलली काय? त्यांनी आपल्याच जुन्या चिटणीस-मंडळातील फॉरेस्ट क्लेपूल यांना त्या खुर्चीवर बसविले. हे गृहस्थ शिक्षणक्षेत्रातील नव्हेत, महापालिकेच्या कारभारातील. शाळांच्या महानिरीक्षकाने चालविलेल्या नीतिभंगाच्या चौकशीत खोटे सांगितल्याचा ठपका आला आणि २०१७ च्या डिसेंबरात त्यांनाही जावे लागले. पहिली नेमणूक फसली हा अपघात म्हणता येईल. त्याच दाराने दुसरी आणली, तेव्हा ते महापौराचे धोरण म्हटले पाहिजे.

शिकागोच्या कहाणीतील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की लोकांनी पारख कशी करावी याचा नमुना त्याच शहरात, त्याच शाळांत, आधीपासून अस्तित्वात होता. इलिनॉय राज्याच्या १९८८ च्या कायद्याने शिकागोतील शाळाशाळांतून ‘लोकल स्कूल कौन्सिल’ स्थापन झाली. सहा पालक, दोन वस्तीचे रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक, अशी तिची मूळ रचना. माध्यमिक शाळेत एक विद्यार्थीही. पालक आपले प्रतिनिधी स्वतः निवडतात. आणि या समितीला नुसता सल्ला देण्याचा अधिकार नाही. मुख्याध्यापकाशी चार वर्षांचा करार ती करते आणि मुदत संपली की नवा करार करावयाचा की नाही हेही तीच ठरविते. म्हणजे मोलमजुरी करणारी एखादी आई आपल्या मुलाच्या शाळेचा मुख्याध्यापक निवडण्यास लायक समजली गेली, उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारू शकली. परंतु त्या मुख्याध्यापकाच्याही वर बसणारा अधिकारी निवडताना तिला कोणी विचारले नाही. तो निवड महापौराच्या दालनात होई. या समित्यांत गटबाजी नाही, अडाणीपणा नाही, उमेदवार नेहमी पुरेसे मिळतात, असा दावा कोणी करणार नाही. कित्येक समित्या निष्प्रभ आहेत. तरीही दोन कोटींचे कंत्राट एकमताने मंजूर करणारे मंडळ उद्योगपती आणि वकिलांचे होते, हा हिशेब समोर ठेवूनच त्यांच्या अडाणीपणाची चर्चा व्हावी.

सूप्सचे हात शिकागोपुरते मर्यादित नव्हते. मेरीलँड राज्यात बाल्टिमोर काउंटीचे अधीक्षक म्हणून २०१२ साली डॅलस डान्स यांची नेमणूक झाली. अध्यापनाचा जितका अनुभव राज्याच्या नियमाने हवा, तितका त्यांच्यापाशी नव्हता. नियमातून सूट घेण्यात आली. नेमणुकीनंतर त्याच सूप्सला विनानिविदा कंत्राट मिळाले, ८ लाख ७५ हजार डॉलरचे. आणि डान्स स्वतः त्या संस्थेचे पगारी प्रशिक्षक बनून शिकागोच्या मुख्याध्यापकांना धडे देऊ लागले. बाहेरून मिळविलेले सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर त्यांनी आपल्या उत्पन्नाच्या विवरणपत्रांत दाखविले नाहीत. २०१८ साली खोट्या शपथेच्या चार आरोपांवर गुन्हा कबूल करून त्यांनी सहा महिन्यांची कैद पत्करली. विवरणपत्र भरून घेण्याचा नियम होता, पण भरलेले विवरणपत्र कोणी पडताळून पाहत नव्हते.

न्यूयॉर्कचे उदाहरण लाचलुचपतीचे नाही, म्हणून थोडक्यात पुरे. ११ लाख मुलांच्या त्या शाळाव्यवस्थेचे प्रमुखपद महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१० साली मासिके छापणाऱ्या कंपनीच्या अधिकारी कॅथी ब्लॅक यांना दिले. शिक्षणाचा अनुभव शून्य. कायद्याने पात्रता लागते, म्हणून येथेही सूट. पंचाण्णव दिवसांत, एप्रिल २०११ मध्ये, त्या पायउतार झाल्या. ‘सूट’ हा शब्द या सर्व प्रकरणांत किती सहजपणे येतो! गरीब वस्तीतल्या तरुणाला शिक्षक व्हावयाचे असेल तर त्याच्यासाठी सूट नसते. पात्रतेची अट वरच्या मजल्यावर चढता चढता पातळ होत जाते.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते आणि समाजवाद्यांनी ती टाळू नये. शिकागो आणि न्यूयॉर्क येथे महापौराची मक्तेदारी होती. मग निवडून आलेली मंडळे आली की प्रश्न सुटेल, असे आपल्या विचाराच्या माणसाला सहज वाटते. शिकागोच्या पालकांनी आणि शिक्षकांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २०२१ साली कायदा झाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिली निवडणूक झाली, आणि कायद्याप्रमाणे २०२७ च्या जानेवारीपासून एकवीसही सभासद निवडून आलेले असावयाचे आहेत. हा मोठा विजय आहे. परंतु डि मॉइनचे मंडळही निवडून आलेलेच होते. त्यानेही पदवीविषयीची विसंगती दिसल्यावर डोळेझाक केली. त्यानेही पारख भाड्याने दिली.

तेव्हा निवडणूक आवश्यक खरी, पण तिने निवडणाऱ्याच्या अंगी आपले काम स्वतः करण्याची हिंमत आपोआप येत नाही. सभासद होण्यापूर्वी जो गृहिणी, प्लंबर किंवा बँकेतला कारकून असतो, त्याला चार तज्ज्ञ सूट-बूट घालून सांगतात की अधीक्षक निवडणे हे शास्त्र आहे, त्याला अनुभवी संस्था लागते, उत्तम माणसे गुप्ततेवाचून अर्जच करीत नाहीत. तो बिचकतो. त्याच्या बिचकण्यावरच हा धंदा उभा आहे. वास्तविक अधीक्षकाच्या निवडीत गूढ ते काय? पदवी खरी की खोटी, हे विद्यापीठाला पत्र लिहून कळते. आधीच्या गावी त्याने शिक्षकांशी कसा व्यवहार केला, हे त्या गावच्या शिक्षकसंघटनेला विचारून कळते. कोणत्या कंपनीकडून त्याने पैसे घेतले, हे त्याला उघड सभेत, लेखी, सहीसह सांगावयास लावता येते. नोकरीचा परवाना तपासण्यासाठी तर कायद्यानेच कागद ठरवून दिले आहेत. यातील एकही काम असे नाही की ज्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागावेत.

शोधकंपन्यांवर बंदी घातली की सगळे निवळेल, असेही नव्हे. लहान जिल्ह्यांना जाहिरात, पत्रव्यवहार यासाठी मदत लागते. ती राज्याच्या शिक्षणखात्याने वा मंडळांच्या संघटनेने द्यावी. खाजगी कंपनीला हे काम द्यावयाचेच असेल, तर तिच्या मालकांनी त्या जिल्ह्याला पुढे अमुक वर्षे काहीही विकता कामा नये, एवढी एकच अट घातली असती तरी सूप्सचा डाव जन्मला नसता. अशी अट सुचवावी असे शिकागोच्या मंडळातील एकाही धनिकाला वाटले नाही, कारण त्यांच्या जगात खरेदी-विक्रीचे हे दुहेरी नाते दोष मानलेच जात नाही. त्याला व्यवसायकौशल्य म्हणतात.

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे म्हणून महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने वाचून बाजूला ठेवण्याजोगे नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय काढला होता. त्यात शिक्षकापासून शिपायापर्यंतची पदे होती. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्याआधी, २०२१ च्या डिसेंबरात, शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना आणि परीक्षेचे काम दिलेल्या खाजगी कंपनीच्या संचालकाला पुणे पोलिसांनी अटक केली. पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गुणांत फेरफार झाल्याच्या कारणावरून अपात्र ठरविले गेले. शिक्षकांची पारख करणाऱ्या संस्थेने पारख कंत्राटाने दिली होती. नावे वेगळी, देश वेगळा, पण दार तेच.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शिकागोच्या कौन्सिलपेक्षा तिची रचना अधिक लोकाभिमुख आहे. मात्र तिला शाळेचा विकास आराखडा करता येतो, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवता येते. मुख्याध्यापक कोण असावा किंवा जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी कसा वागतो, याविषयी तिला मत नोंदविण्याचीसुद्धा सोय नाही. पुष्कळ गावांत तर समितीच्या ठरावावर सभासदांच्या सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. पक्षाच्या जिल्हा शाखांनी आपापल्या तालुक्यातील या समित्यांच्या बैठका प्रत्यक्ष होतात की नाही याची पाहणी करावी. शिक्षणाधिकाऱ्याने आपली व निकटच्या नातेवाइकांची खाजगी शिक्षणसंस्थांशी असलेली आर्थिक नाती दरवर्षी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे लेखी ठेवावीत आणि ती शाळांच्या फलकावर लागावीत, ही मागणी घेऊन येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच जिल्हा परिषदांवर जावे.